चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटचा माग: दुसऱ्या महायुद्धाची कागदपत्रे कशी शोधावीत आणि कशी वाचावीत

पायदळाच्या बटालियनचा इतिहास शोधणे तुलनेने सरळ असते. बटालियन एका जागी असते, एका ब्रिगेडखाली लढते आणि दिवसभराचा बराचसा हिशेब तिच्या वॉर डायरीत, म्हणजे तुकडीने रोज लिहायच्या अधिकृत नोंदवहीत, सापडतो. चिलखती गाड्यांच्या, म्हणजे रणगाडे नव्हेत तर चाकांवर धावणाऱ्या टेहळणीच्या गाड्यांच्या, रेजिमेंटचे तसे नाही. ती सबंध रेजिमेंट म्हणून क्वचितच लढली. एक स्क्वॉड्रन (रेजिमेंटचा एक मोठा भाग) या डिव्हिजनच्या पुढे, दुसरी कोअरच्या (अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या दलाच्या) बगलेवर, तिसरी राखीव, आणि प्रत्येक ट्रूप (स्क्वॉड्रनमधली काही गाड्यांची तुकडी) आपल्या मुख्यालयापासून कित्येक मैल पुढे. बिनतारी संचावर जेवढे कानावर आले तेवढेच रात्री डायरीत उतरले. त्यामुळे नवख्या अभ्यासकाची पहिली निराशा ठरलेलीच असते. ज्या दिवसासाठी सगळा खटाटोप केला, त्या दिवसापुढे डायरीत दोन ओळी असतात: स्क्वॉड्रन टेहळणीवर, विशेष काही नाही.

तरी तिथे थांबू नये. या रेजिमेंटचे मुख्य काम शत्रू कुठे आहे, पूल शाबूत आहे का, रस्ता मोकळा आहे का, हे मागे कळवण्याचे होते. तेव्हा तिचा इतिहास तिच्या स्वतःच्या दफ्तरापेक्षा ती ज्यांना कळवत होती त्यांच्या दफ्तरात जास्त सापडतो. हे एकदा ध्यानात घेतले की कुठे काय शोधायचे ते आपोआप ठरत जाते.

खालची माहिती मुख्यतः ब्रिटिश आणि ब्रिटिश भारतीय सैन्याच्या १९३९ ते १९४५ या काळातल्या रेजिमेंटांसाठी आहे.

आधी रेजिमेंट नक्की करा

हे वाटते तितके सोपे नाही. नावांचे घोळ पुष्कळ आहेत आणि कॅटलॉगमध्ये चुकीची फाइल मागवली की दिवस वाया जातो.

हाउसहोल्ड कॅव्हलरीच्या दोन रेजिमेंट होत्या, पहिली आणि दुसरी, आणि दोघींचे युद्ध वेगवेगळे. डर्बीशायर योमनरीच्याही दोन: पहिली ट्युनिशियात सहाव्या आर्मर्ड डिव्हिजनबरोबर होती, तर दुसरी पुढे ५१व्या हायलँड डिव्हिजनची टेहळणी रेजिमेंट झाली. नुसते 'डर्बीशायर योमनरी' लिहिलेल्या आठवणीवर विसंबलात तर माणूस भलत्याच खंडात जाऊन पडतो. 'रॉयल्स' म्हणजे रॉयल ड्रगून्स. किंग्ज ड्रगून गार्ड्स ही वेगळी रेजिमेंट. २७वी लान्सर्स १२व्या लान्सर्सच्या माणसांतून १९४१ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडली गेली, म्हणून आजच्या कुठल्याही रेजिमेंटच्या वंशावळीत ती पटकन दिसत नाही.

रेकॉनिसन्स कोअरची, म्हणजे सैन्याच्या टेहळणी शाखेची, गल्लत तर सर्रास होते. जानेवारी १९४१ मध्ये स्थापन झालेल्या या कोअरच्या रेजिमेंटांकडेही चिलखती गाड्या होत्या, पण त्या पायदळाच्या डिव्हिजनच्या होत्या आणि त्यांच्या दिमतीला ब्रेन कॅरिअर (पट्ट्यांवर चालणारी हलकी चिलखती वाहने) आणि पायी लढणारी माणसेही असत. १ जानेवारी १९४४ ला हा कोअर रॉयल आर्मर्ड कोअरमध्ये सामील झाला, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांत दोन्ही प्रकार एकाच छत्राखाली दिसतात. इराकमधल्या हब्बानियासारख्या ठिकाणी लढलेल्या चिलखती गाड्यांच्या कंपन्या तर सैन्याच्या नव्हत्याच, हवाई दलाच्या होत्या. त्यांच्या नोंदी हवाई दलाच्या दफ्तरात, एआयआर २९ या मालिकेत पाहाव्यात.

रेजिमेंट ठरली की एक पान घ्या आणि चार रकाने आखा: काळ, रणक्षेत्र, कोणत्या मुख्यालयाच्या हुकमतीखाली, कोणत्या गाड्या. शेवटचा रकाना कमी लेखू नका. ११व्या हुसार्सकडे जून १९४० मध्ये लिबियाच्या सीमेवर जुन्या रोल्स-रॉइस आणि मॉरिस गाड्या होत्या, पुढे वाळवंटात मार्मन-हेरिंग्टन, मग हंबर आणि डेमलर. वाळवंटातल्या लढाईत स्टॅगहाउंड गाडीचा उल्लेख करणारी आठवण आली, तर सांगणाऱ्याच्या मनात दोन मोहिमा एकमेकींत मिसळल्या आहेत, हे या पानावरून लगेच कळते.

वॉर डायरी कुठल्या मालिकेत

लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये या डायऱ्या आहेत. त्यांची वाटणी रेजिमेंटप्रमाणे नाही, रणक्षेत्राप्रमाणे केलेली आहे. मालिकेच्या नावाआधी डब्ल्यूओ ही अक्षरे लागतात. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ती रोमन लिपीतच टाकावी लागतात.

डब्ल्यूओ १६७ मध्ये १९३९-४० चे फ्रान्समधले ब्रिटिश सैन्य. १६६ मध्ये मायदेशातल्या तुकड्या. १६९ मध्यपूर्वेसाठी, १७० इटलीसाठी, १७१ वायव्य युरोपसाठी, १७२ ब्रह्मदेश आणि आग्नेय आशियासाठी, १७५ ट्युनिशियातल्या पहिल्या आर्मीसाठी, आणि १७९ कॅनडा, दक्षिण आफ्रिका वगैरे डोमिनियन सैन्यांसाठी.

कुंपणे मात्र कागदावर दिसतात तितकी पक्की नाहीत. १९४३ मधले इटलीतले महिने बरेचदा १६९ मध्येच सापडतात. नॉर्मंडीत उतरलेल्या रेजिमेंटची १९४४ ची डायरी जानेवारीपासून, म्हणजे ती इंग्लंडात सराव करत होती तेव्हापासून, १७१ मध्ये असते. १६६ मध्ये ती शोधत बसू नये. सहसा एका रेजिमेंटच्या एका वर्षाला एक फाइल असते, त्यामुळे वर्ष बदलले की क्रमांकही बदलतो. नाव शोधताना '११ हुसार्स' आणि '११वी हुसार्स' हे दोन्ही प्रकार इंग्रजीत टाकून पाहा. एकाने न सापडणारी फाइल दुसऱ्याने सापडते.

या डायऱ्यांपैकी बहुतेकांचे स्कॅन ऑनलाइन नाहीत. तिथे जाऊन वाचकपत्र काढायचे, फाइल आधी मागवून ठेवायच्या आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने पाने टिपायची, हाच रस्ता. जाणे शक्य नसेल तर पैसे घेऊन प्रती काढून देणारे संशोधक आहेत. त्यांना 'अमुक रेजिमेंटची माहिती हवी' असे सांगू नका. मालिका, फाइल क्रमांक आणि महिने लिहून द्या.

पाने टिपताना पहिला फोटो फाइलच्या मुखपृष्ठाचा घ्या, क्रमांक स्पष्ट दिसेल असा. फाइल बदलली की पुन्हा तेच. घरी आल्यावर शेकडो सारखी दिसणारी पिवळी पाने कोणत्या फाइलची हे सांगणे अशक्य होते, आणि क्रमांकाशिवाय पुराव्याला काडीची किंमत उरत नाही. फ्लॅश वापरू देत नाहीत. कार्बन प्रतीवरची फिकट अक्षरे आणि पेन्सिलीचे लिखाण थोडे तिरपे धरले की बरे उमटते. कोरी वाटणारी पाठ उलटून पाहा, कधीकधी नकाशाचा कच्चा आराखडा तिथेच असतो.

कॅनडाच्या रेजिमेंटांवर काम करणाऱ्यांचे नशीब चांगले. १२वी मॅनिटोबा ड्रगून्स किंवा रॉयल कॅनेडियन ड्रगून्स यांच्या डायऱ्या ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या आरजी २४ या संग्रहात आहेत आणि त्यांच्या मायक्रोफिल्म स्कॅन होऊन इंटरनेटवर आल्या आहेत.

डायरीचे पान वाचताना

छापील फॉर्मचा क्रमांक सी २११८. रकाने असे: ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश, आणि परिशिष्टांचा संदर्भ. लिहिणारा बहुधा इंटेलिजन्स ऑफिसर किंवा ॲडज्युटंट (कमांडिंग ऑफिसरचा प्रशासकीय साहाय्यक), आणि महिन्याअखेरीस सही कमांडिंग ऑफिसरची. नोंद घटना घडताना झाली की चार दिवसांनी एकदम लिहून काढली, हे शाईवरून, टंकलेखनाच्या सलगपणावरून आणि 'नंतर असे कळले की' अशा शब्दांवरून ओळखता येते. १९४० च्या माघारीत कागद गमावलेल्या तुकड्यांनी इंग्लंडला परतल्यावर डायऱ्या आठवणीने पुन्हा लिहिल्या. फ्रान्समध्ये त्या वेळी चिलखती गाड्यांची एकच रेजिमेंट होती, १२वी लान्सर्स. त्या काळातली कोणतीही डायरी वाचताना 'हे कधी लिहिले' हा प्रश्न पहिला विचारावा.

खरे धन परिशिष्टांत असते. हुकूम, सायंकाळचे स्थिती-अहवाल, गुप्तवार्ता-सारांश, आणि दर आठवड्याचे मनुष्यबळाचे तक्ते. अधिकाऱ्यांच्या तक्त्याचा फॉर्म डब्ल्यू ३००८, इतर दर्जांचा डब्ल्यू ३००९. पहिल्यात अधिकाऱ्यांची नावे मिळतात. दुसऱ्यात बहुतेक आकडेच. साध्या सैनिकाचे नाव वॉर डायरीत येणे हा अपवाद आहे. आजोबांचे नाव शोधायला आलेल्याला हे आधीच सांगितलेले बरे.

लघुरूपांची सवय दोन-तीन दिवसांत होते. पण 'अंडर कमांड' आणि 'इन सपोर्ट' यांतला फरक पहिल्या दिवसापासून जपायला हवा. स्क्वॉड्रन एखाद्या ब्रिगेडच्या अंडर कमांड असेल तर ती त्या ब्रिगेडला कळवत होती, आणि शोध त्या ब्रिगेडच्या दफ्तरात घ्यायचा. इन सपोर्ट असेल तर हुकूम जुन्याच मुख्यालयाचा चालू असतो. हा शब्द नजरेतून निसटला की महिनाभराचा शोध चुकीच्या फाइलींत जातो.

रेजिमेंटची रचना माहीत असली तर वाचताना अडत नाही. वायव्य युरोपात १९४४ मध्ये साधारण चित्र असे होते: मुख्यालय आणि चार लढाऊ स्क्वॉड्रन, प्रत्येकीत पाच टेहळणी ट्रूप, प्रत्येक ट्रूपमध्ये दोन डेमलर चिलखती गाड्या आणि दोन डिंगो स्काउट कार, जोडीला ७५ मिमी तोफांचा हेवी ट्रूप आणि पायउतार होऊन लढणाऱ्यांचा सपोर्ट ट्रूप. डेमलरमध्ये तीन माणसे, डिंगोत दोन. हे आकडे पुढे माणसांचा शोध घेताना उपयोगी पडतात.

वरच्या मुख्यालयाचे दफ्तर: इथेच जास्त वेळ द्या

रेजिमेंटची डायरी वाचून झाली की जी शाखेची डायरी मागवा. आधी डिव्हिजनची, मग कोअरची. जी म्हणजे कारवाया आणि गुप्तवार्ता पाहणारी शाखा. ए आणि क्यू या रसद-प्रशासनाच्या शाखांच्या डायऱ्या वेगळ्या फाइलींत असतात आणि गाड्यांचे नुकसान, बदली गाड्या, इंधन हे तिथे मिळते. जीच्या परिशिष्टांत बिनतारी संदेशांचा लॉग शोधा. त्यात मिनिटामिनिटाने कोणी, कोणाला, काय कळवले ते असते. महिन्याचा लॉग शंभरावर पानांचा असू शकतो आणि त्यातली निम्मी पाने कंटाळवाणी असतात. तरीही रेजिमेंटच्या डायरीत 'टेहळणी चालू' एवढेच असलेल्या दिवसाचे तास न् तास इथे सापडतात.

उदाहरण ३१ जुलै १९४४ चे घ्या. नॉर्मंडीत ऑपरेशन ब्लूकोट ही ब्रिटिशांची चढाई सुरू होती. दुसऱ्या हाउसहोल्ड कॅव्हलरीतल्या लेफ्टनंट पाउल यांच्या ट्रूपमधली एक चिलखती गाडी आणि एक स्काउट कार जर्मन फळीतून पार होऊन सूलव्र नदीवरच्या शाबूत पुलाशी पोचल्या. हा पूल पुढे 'डिकीज ब्रिज' म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांची रेजिमेंट आठव्या कोअरची, पण ती स्क्वॉड्रन त्या दिवशी ११व्या आर्मर्ड डिव्हिजनबरोबर होती. म्हणजे हा दिवस नीट बांधायचा तर किमान चार फाइली लागतात: रेजिमेंटची डायरी, ११व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या मुख्यालयाची जी डायरी, आठव्या कोअरची जी डायरी, आणि पुलाच्या मदतीला धावलेल्या रणगाड्यांच्या तुकडीची. पहिल्या फाइलीत काय झाले ते मिळते. उरलेल्या तिन्हींत ते मागे केव्हा कळले, त्यावर विश्वास ठेवला गेला का, आणि कोण किती वाजता निघाले ते मिळते. युद्धाचा निकाल ठरतो तो या दुसऱ्या भागात.

आणखी एक दालन बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'फँटम' या टोपणनावाची जीएचक्यू लायझन रेजिमेंट आघाडीवरची खबर थेट वरच्या मुख्यालयांना पोचवत असे. तिच्या डायऱ्या आणि कागद डब्ल्यूओ २१५ मध्ये आहेत. तुमच्या रेजिमेंटने कळवलेली गोष्ट तिथे वेगळ्या वेळेसह, वेगळ्या शब्दांत पुन्हा भेटू शकते, आणि दोन स्वतंत्र कानांनी ऐकलेली बातमी हा उत्तम पुरावा.

बाजूलाही पाहा. चिलखती गाड्यांच्या मागून येणारे पायदळ, सोबत असलेले तोफखान्याचे निरीक्षक, पूल तपासणारे सॅपर (लष्करी अभियंते), या सगळ्यांच्या डायऱ्या त्याच मालिकेत आहेत.

घड्याळ आणि नकाशा

दोन फाइलींतल्या वेळा जुळत नाहीत म्हणून कोणी खोटे लिहिले असा निष्कर्ष काढण्याआधी घड्याळ तपासा. लष्करी संदेशात तारीख, वेळ आणि विभागाचे अक्षर एकत्र येते: ३११४३०बी म्हणजे ३१ तारीख, दुपारचे २.३०, बी विभाग, अर्थात ग्रीनिचच्या दोन तास पुढे. झेड म्हणजे खुद्द ग्रीनिच, ए म्हणजे एक तास पुढे. १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे होते. १७ सप्टेंबर १९४४ ला ते एक तास मागे आले. जर्मन घड्याळ ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जुन्याच वेळेवर राहिले. त्यामुळे नेदरलँड्समधल्या ऑपरेशन मार्केट गार्डनच्या दिवसांत, म्हणजे २२ सप्टेंबरला दुसऱ्या हाउसहोल्ड कॅव्हलरीच्या गाड्या धुक्याचा फायदा घेत ड्रीएलला पोलिश तुकडीपर्यंत पोचल्या तेव्हाही, ब्रिटिश आणि जर्मन कागदांत तासाचा फरक आपोआप पडतो. कोष्टकात कागदावरची वेळ जशीच्या तशी एका रकान्यात ठेवा आणि ग्रीनिचची वेळ दुसऱ्यात. मूळ वेळ कधीही पुसू नका.

आता नकाशा. समजा लॉगमध्ये '५२८६१४ येथील पूल शाबूत' अशी नोंद आली. पहिले तीन आकडे पूर्वेकडे मोजायचे, पुढचे तीन उत्तरेकडे. सहा आकड्यांचा संदर्भ १०० मीटरचा चौकोन दाखवतो, चार आकड्यांचा १ किलोमीटरचा. हेच आकडे दर १०० किलोमीटरला पुन्हा येतात, म्हणून पत्रक क्रमांक किंवा किमान शेजारच्या गावाचे नाव लागतेच. फ्रान्ससाठी १:५०,००० ची जीएसजीएस ४२५०, १:१,००,००० ची ४२४९ आणि १:२५,००० ची ४३४७ या मालिका सैन्य वापरत असे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने युद्धकाळातले असे अनेक नकाशे स्कॅन करून खुले ठेवले आहेत.

हे आकडे आजच्या जीपीएसच्या आकड्यांशी सरळ जुळत नाहीत. त्या काळची जाळी वेगळ्या प्रक्षेपावर बांधलेली होती. उत्तर फ्रान्सच्या जाळीचे नाव 'नॉर द गेर', आणि तिचे आजच्या अक्षांश-रेखांशात रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर मिळतात. रूपांतर झाल्यावर आलेला बिंदू जुन्या नकाशावर ठेवून तिथे खरोखर पूल आहे का ते पाहा. बिंदू शेताच्या मधोमध पडला तर बहुधा लॉग लिहिणाऱ्याने एक आकडा चुकवला आहे किंवा तुम्ही ३ ला ८ वाचले आहे. शेजारच्या पुलाचा संदर्भ काढून कोणता एक आकडा बदलला की जुळते ते पाहावे. वाळवंटात मात्र ही सोय नाही. तिथे ठळक खुणाच कमी, आणि धुळीत दिवसभर फिरलेल्या गाड्यांनी दिलेले ठिकाण मैल-दोन मैल इकडेतिकडे असणे नवल नाही.

माणसांचा शोध

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर रेजिमेंटचे नाव टाकून सगळी नोंद उतरवून घ्या आणि तारखेप्रमाणे लावा. एरवी एक-एक मृत्यू विखुरलेले दिसतात. मध्येच एका तारखेला तीन नावे एकत्र आली आणि गाडी डेमलर असेल, तर एक सबंध गाडी गेल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. दोन असतील तर डिंगो. मग त्या तारखेची डायरी, लॉग आणि शेजारच्या तुकड्यांची कागदपत्रे काढा. डायरीत दोन ओळी असलेले पुष्कळ दिवस असे उघडतात.

कमिशनच्या नोंदीसोबत मूळ फॉर्मचे स्कॅनही असतात. त्यातला कबरी हलवल्याचा अहवाल महत्त्वाचा, कारण मूळ कबर कुठे होती त्याचा नकाशा-संदर्भ त्यात असतो. ट्रूप कुठे सापडला हे कळण्याचा कधीकधी तोच एक मार्ग असतो. जखमी होऊन इस्पितळात वारलेल्याची तारीख आणि जागा मात्र लढाईची नसते, हे विसरू नये.

शौर्यपदकांच्या शिफारसी डब्ल्यूओ ३७३ मध्ये आहेत आणि नावाने शोधता येतात. 'इमिजिएट' प्रकारची शिफारस एका ठरावीक कारवाईची असते. तिच्यात तारीख, ठिकाण, गाडीला काय झाले, सगळे येते. ठरावीक मुदतीनंतर दिली जाणारी शिफारस काही महिन्यांच्या कामगिरीची गोळाबेरीज असते आणि तिच्यातून एखादा दिवस बांधता येत नाही. लंडन गॅझेटमधली तारीख कित्येक महिन्यांनंतरची असते आणि तिथे बहुधा नुसते नाव छापलेले असते. शिफारस ही शिफारस करणाऱ्याची वकिली आहे, हेही लक्षात ठेवून वाचावी. बेपत्ता, जखमी, कैदी यांच्या याद्या डब्ल्यूओ ४१७ मध्ये आहेत, पण त्या कळवल्याच्या तारखेप्रमाणे लागलेल्या आहेत. घटनेच्या तारखेपासून पुढचे काही आठवडे चाळावे लागतात.

छायाचित्रे

इम्पीरियल वॉर म्युझियमच्या छायाचित्रांच्या क्रमांकातली अक्षरे निम्मे काम करून देतात. ई म्हणजे उत्तर आफ्रिका व मध्यपूर्व, एनए म्हणजे पुढची ट्युनिशिया-इटली मोहीम, बी आणि बीयू म्हणजे वायव्य युरोप, एसई म्हणजे आग्नेय आशिया, एच म्हणजे मायदेश. फोटोखालची ओळ त्या वेळच्या लष्करी छायाचित्रकाराच्या टिपणावरून घेतलेली असते. तारीख सहसा बरोबर असते. गावाचे नाव आणि रेजिमेंटचे नाव मात्र तपासून घ्यावे.

गाडीवर काय पाहायचे? चिलखती गाडीच्या लष्करी क्रमांकाची सुरुवात एफ या अक्षराने होते. स्क्वॉड्रनची खूण: त्रिकोण ए, चौकोन बी, वर्तुळ सी, आणि मुख्यालयाला शंकरपाळ्यासारखा टोकावर उभा चौकोन. मडगार्डवरचे फॉर्मेशनचे चिन्ह, जसे सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचा जर्बोआ उंदीर किंवा तिसाव्या कोअरचे रानडुक्कर, हुकमतीचा प्रश्न सोडवू शकते, पण सेन्सॉरने ते बरेचदा खरवडलेले असते. तोफेच्या नळीवर पुढे निमुळते होत गेलेले लिटलजॉन अडॅप्टर दिसले तर चित्र युद्धाच्या उत्तरार्धातले.

भारतीय रेजिमेंट

इथे कागद तीन देशांत विखुरले आहेत. ब्रह्मदेशात ११वी पीएव्हीओ (प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन) कॅव्हलरी, १६वी लाइट कॅव्हलरी आणि ८वी लाइट कॅव्हलरी या रेजिमेंट चिलखती गाड्यांवर होत्या. १६व्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व तेव्हा पुढे लष्करप्रमुख झालेले जे. एन. चौधरी करत होते. इटलीत ६वी लान्सर्स आठव्या भारतीय डिव्हिजनची टेहळणी करत होती. त्यांच्या डायऱ्यांच्या प्रती क्यूमध्ये डब्ल्यूओ १७२ आणि १७० मध्ये आहेत. दिल्लीत नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ इंडियाचे 'अभिलेख पटल' हे पोर्टल आधी धुंडाळावे, मग संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे लेखी विचारणा करावी. अर्जात रेजिमेंटचे युद्धकाळातले पूर्ण नाव, महिने आणि प्रयोजन लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. ब्रिटिश अधिकाऱ्यांची सेवापत्रके लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरातल्या एल/एमआयएल/१४ मध्ये आहेत, आणि युद्धकाळातल्या धोरणाचे कागद एल/डब्ल्यूएसमध्ये.

फाळणीत घोडदळाच्या बारा रेजिमेंट भारताकडे आणि सहा पाकिस्तानकडे गेल्या. १६वी आणि ८वी इकडे, ११वी आणि ६वी तिकडे. त्या वेळी स्क्वॉड्रनचीही अदलाबदल झाली, म्हणजे १९४४ मध्ये ज्या रेजिमेंटमध्ये जवान लढला, तिच्या आजच्या वारसांकडे त्याची आठवण असेलच असे नाही.

नावांच्या स्पेलिंगचा वैताग मोठा. एकच नाव कमिशनच्या नोंदीत एक, शिफारशीत दुसरे आणि डायरीत तिसरे असते. म्हणून नावापेक्षा सैनिक क्रमांक, वडिलांचे नाव आणि गाव यांवर भर द्या. कमिशनच्या भारतीय नोंदींत गाव आणि जिल्हा अनेकदा दिलेला असतो. स्वार, दफेदार, जमादार, रिसालदार ही घोडदळाची पदे आहेत. त्याच माणसाच्या नावापुढे 'शिपाई' किंवा 'नाईक' दिसले तर तो दुसराच कोणीतरी असण्याची शक्यता जास्त. दहन झालेल्यांची नावे कबरींत न शोधता स्मारकांवर शोधावीत, ब्रह्मदेशासाठी रंगूनजवळचे तौक्यान स्मारक.

गाडी प्रत्यक्ष पाहायची असेल तर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, कॅव्हलरी टँक म्युझियम गाठावे. अशा गाडीत माणूस किती आखडून बसतो आणि झरोक्यातून किती कमी दिसते हे एकदा पाहिले की डायरीतल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

दावे आणि पलीकडची बाजू

७ मे १९४३ ला ट्युनिसमध्ये आधी कोण शिरले? ११व्या हुसार्सचा दावा आहे, पहिल्या डर्बीशायर योमनरीचाही आहे. दोघी त्या दुपारी जवळपास एकाच सुमारास शहरात आल्या. रेजिमेंटांचे छापील इतिहास इथे फारसे कामाचे नाहीत. ते आपल्याच लोकांसाठी, बहुधा माजी अधिकाऱ्यांनी लिहिलेले असतात. अशा वेळी दोघींच्याही वरचे मुख्यालय शोधावे. दोन्ही डिव्हिजन तेव्हा नवव्या कोअरखाली होत्या, त्यामुळे डब्ल्यूओ १७५ मधली त्या कोअरची फाइल, सहाव्या आणि सातव्या आर्मर्ड डिव्हिजनच्या जी डायऱ्यांशेजारी ठेवून वाचायची. निकाल लागला नाही तर दोन्ही वेळा संदर्भासह लिहून मोकळे व्हावे.

शत्रूच्या नुकसानीचे आकडे नेहमी पलीकडून तपासा. डायऱ्यांत प्रत्येक जर्मन तोफ ८८ मिमीची असते आणि प्रत्येक रणगाडा टायगर. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने जप्त जर्मन कागदांच्या मायक्रोफिल्म केल्या आहेत: टी-३१२ मध्ये आर्मी, टी-३१३ मध्ये पँझर आर्मी, टी-३१४ मध्ये कोअर, टी-३१५ मध्ये डिव्हिजन. मूळ कागद बरेचसे फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. १९४४ नंतरचे डिव्हिजन पातळीचे कागद तुटक आहेत, तेव्हा कोअर आणि आर्मीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. सूलव्रचा पूल मोकळा कसा सापडला याचे उत्तरही ब्रिटिश कागदांपेक्षा जर्मन कागदांत जास्त स्पष्ट आहे: तो दोन जर्मन सैन्यांच्या हद्दीवर होता, आणि पहारा दुसऱ्याने ठेवला असेल असे दोन्हीकडे गृहीत धरले गेले.

हे सगळे एकाच कोष्टकात भरत जा: तारीख, कागदावरची वेळ, ग्रीनिचची वेळ, स्क्वॉड्रन, ट्रूप, कोणाच्या हुकमतीखाली, नकाशा-संदर्भ, पत्रक क्रमांक, काय झाले, फाइल क्रमांक, फोटोचा क्रमांक. शेवटचा एक रकाना 'हे लिहिणारा तिथे होता का?' असा ठेवा आणि त्यात फक्त हो, नाही किंवा ऐकीव एवढेच भरा.